आयुष्यभराच्या व्यायामाचं शालेय शिक्षण

शाळेतल्या मुलामुलींकडून नुसता व्यायाम करून न घेता तो का करायचा, किती करायचा, कसा वाढवायचा आणि शाळा सुटल्यावर स्वतःच्या जोरावर कसा चालू ठेवायचा हे नीट समजावून सांगणं, हा या शिक्षणाचा गाभा. ब्रिटनच्या शारीरिक शिक्षणाच्या अभ्यासक मार्गारेट व्हाइटहेड यांनी १९९३ पासून शारीरिक साक्षरतेची जी कल्पना मांडली तिच्यात चार गोष्टी येतात: इच्छा, आत्मविश्वास, शरीराचं कौशल्य, आणि ज्ञान व समज. आपल्याकडच्या पीटीच्या तासात यातलं कौशल्य थोडंफार शिकवलं जातं, ज्ञानाचा नंबर क्वचितच लागतो, आणि माझ्या मते तेच सगळ्यात महत्त्वाचं आहे, कारण दहावी-बारावीनंतर शिट्टी वाजवायला कोणी नसतं आणि डोक्यात काही शिल्लक असेल तरच पोरगं उठून मैदानावर जातं.

किती व्यायाम हवा याचा हिशोब सरळ आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांप्रमाणे ५ ते १७ वयात रोज सरासरी ६० मिनिटं मध्यम ते जोरकस हालचाल हवी, त्यात आठवड्यातून निदान ३ दिवस दम लागेल असं काहीतरी आणि हाडं-स्नायू बळकट करणारंही. मोठेपणी हेच आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं होतं. २०१९ मध्ये आलेल्या जगभराच्या अभ्यासात ११ ते १७ वयाची ८१ टक्के मुलं एवढं करत नाहीत असं दिसलं, मुलांपेक्षा मुली जास्त मागे. नागपुरातही आठवी-नववीपासून ट्यूशन सुरू झाली की संध्याकाळचं मैदान सुटतं, आणि आधी मुलींचं सुटतं.

आता मध्यम म्हणजे काय आणि जोरकस म्हणजे काय हे मुलांना कोणी सांगतच नाही. सगळ्यात सोपी पद्धत बोलण्याची: चालताना गप्पा मारता येतात पण गाणं म्हणता येत नाही तर मध्यम, दोन-चार शब्दांतच श्वास घ्यावा लागतो तर जोरकस. दुसरी पद्धत नाडीची. रेशीमबागच्या मैदानावर एक चक्कर पळून झाली की मुलांना जागेवरच उभं करायचं, मनगटावर अंगठ्याच्या मुळाशी पहिली दोन बोटं ठेवायला सांगायची (अंगठा ठेवायचा नाही, त्याचे स्वतःचेच ठोके जाणवतात), १५ सेकंद मोजून ४ ने गुणायचं, दोन मिनिटांनी परत मोजायचं. ठोके किती लवकर खाली येतात हे स्वतःच्या बोटाखाली कळलं की चेहरे बघण्यासारखे होतात, आणि पाच-सहा आठवडे नियमित पळाल्यावर तोच आकडा बदलला की सवयीचा फायदा वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

फिट इंडिया या केंद्र सरकारच्या मोहिमेच्या शालेय चाचण्यांमध्ये ९ ते १८ वयासाठी ६०० मीटर पळणं असतं, चालत पूर्ण केलं तरी चालतं. तिथे एक गोष्ट दरवेळी दिसते, पोट्टे पहिली शंभर मीटर जीव तोडून पळतात आणि मग बरगडीखाली कळ येऊन चालायला लागतात. त्यांच्यात दम कमी असतो असं नाही, वेग वाटून घ्यायचं कोणी शिकवलेलं नसतं. सुरुवात मुद्दाम हळू करायला लावली तर बऱ्याच मुलांचा टायमिंग सुधारतो, आणि "मला पळता येत नाही" हा गैरसमज जातो, जो एरवी पन्नाशीपर्यंत सोबत राहतो.

असे गैरसमज बरेच आहेत. वजनं उचलली की उंची खुंटते, हे खरं नाही, जाणकाराच्या देखरेखीखाली हलक्या वजनापासून सुरुवात केली तर किशोरवयात स्नायूंचा व्यायाम सुरक्षित आहे. जास्त घाम म्हणजे जास्त चरबी गेली, हेही नाही, घामातून जातं ते पाणी. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पाय दुखतात ते नव्या कामाने स्नायूंवर ताण आल्यामुळे, दोन-तीन दिवसांत आपोआप कमी होतं, हे माहीत नसलं की मुलगी तिथेच व्यायाम सोडते.

नागपुरात या शिक्षणात उन्हाचा धडा असलाच पाहिजे, पुस्तकात असो वा नसो. २३ मे २०१३ ला इथे ४७.९ अंश तापमान नोंदलं गेलं, विदर्भातल्या शाळासुद्धा उन्हामुळे बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात. म्हणून मे महिन्यात पळायचं तर अंबाझरी किंवा फुटाळा तलावावर पहाटेच जायचं, तहान लागायची वाट न बघता पाणी प्यायचं, आणि दिवसभर कूलरमध्ये बसलेल्या शरीराला उन्हाची सवय व्हायला आठ-दहा दिवस ते दोन आठवडे लागतात हे लक्षात ठेवून हळूहळू वाढवायचं. चक्कर, मळमळ, डोकं दुखणं सुरू झालं की थांबायचं, सावलीत यायचं, अंग ओलं करायचं. कोणी असंबद्ध बोलायला लागला किंवा बेशुद्ध झाला तर तो उष्माघात समजून लगेच अंगावर पाणी ओतत दवाखाना गाठायचा. नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, भर दुपारी क्रिकेट खेळणाऱ्या पोरांना हे पाठ असायला हवं.

एक जुनी सवय मात्र या सगळ्यावर पाणी फिरवते, शिक्षा म्हणून मैदानाच्या चकरा आणि उठाबशा. गृहपाठ न केल्याबद्दल पळावं लागलेलं मूल पळण्याला अपमानाशी जोडतं, आणि मग मोठेपणी त्याला सकाळी फिरायला जा म्हणून कितीही सांगा. खेळात मागे पडणाऱ्या मुलांना बाजूला बसवून स्कोअर लिहायला लावणं हाही तसाच प्रकार, खरं तर या शिक्षणाची सगळ्यात जास्त गरज त्यांनाच असते, टीममधल्यांना कमी.

मार्क द्यायचे तर कोण किती जोरात पळालं यापेक्षा विद्यार्थ्याने स्वतःच्या आठवड्याचा प्लॅन बनवला का, हे बघणं जास्त योग्य: किती दिवस, किती जोर, किती वेळ, कोणता प्रकार. त्या प्लॅनमध्ये परीक्षेचे दिवस आणि मे महिना वेगळे मांडायला लावायचे, म्हणजे लंगडी-खोखोला गडी मिळाले नाहीत किंवा बाहेर पडणं शक्य नसलं तर तोच वेळ घरात दोरीउड्या, जिने चढणं आणि सूर्यनमस्कारांत कसा भरायचा हे विद्यार्थी स्वतः ठरवतो.