पत्तेमोजणी (ब्लॅकजॅक)

ब्लॅकजॅक या कॅसिनोतल्या खेळात हातातल्या पानांची बेरीज २१ च्या पुढे न जाता जास्तीत जास्त करायची असते. त्यात वाटून झालेल्या पानांवरून उरलेल्या पानांचा अंदाज बांधायचा आणि त्यानुसार पैज कमीजास्त करायची, या पद्धतीला पत्तेमोजणी म्हणतात. मोजणारा पानन्‌पान पाठ ठेवतो, हा समज चुकीचा आहे. डोक्यात एकच आकडा धरायचा असतो.

सातारा-सांगलीकडे मेंढीकोट खेळत वाढलेल्यांना हा फरक लगेच कळतो. मेंढीकोटात कोणती दश्शी उतरली, कोणाकडे बदाम संपले, हुकमाची किती पाने बाहेर आहेत, हे सगळे ध्यानात ठेवावे लागते. ब्लॅकजॅकमध्ये इस्पिक की किलवर याला किंमतच नाही. त्यामुळे पान ओळखून लक्षात ठेवण्याची ती सवय इथे सोडावी लागते.

सर्वांत रूढ असलेल्या हाय-लो पद्धतीत दुर्री ते छक्की दिसली की एक मिळवायचा, दश्शी, गुलाम, राणी, राजा किंवा एक्का दिसला की एक वजा करायचा. सत्ती, अठ्ठी, नव्वी सोडून द्यायची. बेरीज वाढली म्हणजे लहान पाने संपत आली, मोठी उरली. मोठी पाने खेळणाऱ्याच्या फायद्याची असतात. एक्का आणि दहा किमतीचे पान जुळले की दीडपट पैसे मिळतात. शिवाय डीलरला (कॅसिनोतर्फे पाने वाटून खेळणाऱ्याला) १६ पर्यंत पान घ्यावेच लागते, म्हणून तो २१ च्या पुढे जाऊन बाद होण्याची शक्यता वाढते. खेळणारा मात्र थांबू शकतो. कॅसिनोत सहा-आठ कॅट एकत्र पिसलेले असतात, म्हणून चालू बेरजेला उरलेल्या कॅटच्या संख्येने भागतात. बेरीज ६ आणि उरलेले कॅट तीन, तर खरा आकडा २.

गणितज्ञ एडवर्ड थॉर्प यांनी १९६२ साली पुस्तक लिहून मोजणीचा पाया घातला. त्याआधी १९५६ मध्ये अमेरिकी लष्करातल्या चौघांनी कोणत्या हातावर पान घ्यावे आणि कुठे थांबावे याची मूळ चाल गणिताने काढली होती. शिकणाऱ्याने सुरुवात या चालीपासूनच करावी. ती पक्की नसताना मोजणी शिकणे हा वेळेचा अपव्यय आहे.

सराव घरी, एका कॅटवर होतो. कॅट पिसून एक पान न बघता बाजूला ठेवायचे आणि उरलेली ५१ पाने उलटत मोजायची. शेवटी बेरीज शून्य आली तर लपलेले पान सत्ती, अठ्ठी किंवा नव्वी. अधिक एक आली तर मोठे, उणे एक आली तर लहान. असा ताळा दुसऱ्या फार थोड्या सरावांत मिळतो. पुढे पाने जोडीने बघायला शिकावे: राजा आणि पंजी एकत्र दिसली की दोन्ही सोडून द्यायची. अर्ध्या मिनिटात कॅट संपू लागला की घरच्यांशी बोलत, टीव्ही चालू ठेवून मोजावे. खरी परीक्षा तिथे होते. वाटून झालेल्या पानांची चळत पाहून किती कॅट उरले हे ओळखणेही तितकेच महत्त्वाचे, आणि त्याकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते.

फायदा मात्र फार बारीक असतो. मूळ चाल अचूक खेळली तरी कॅसिनो साधारण अर्धा टक्का पुढे असतो. खरा आकडा एकाने वाढला की खेळणाऱ्याकडे अंदाजे अर्धा टक्का सरकतो. म्हणजे आकडा २ असताना हजार रुपयांच्या पैजेवर सरासरी मिळकत जेमतेम पाच रुपये, आणि एकेका हातातली चढउतार मात्र हजाराहून अधिक. उधारीच्या किंवा घरखर्चाच्या पैशावर हे करू नये. दीडपटीऐवजी पाच रुपयांस सहा या दराने पैसे देणारे टेबल किंवा सतत पिसणारे यंत्र असेल, तर मोजणीत अर्थ राहत नाही.

महाराष्ट्रात कायदेशीर कॅसिनो नाही. १९७६ चा राज्याचा कॅसिनो कायदा कधी अमलात आलाच नाही आणि २०२३ मध्ये रद्द झाला; जुगाराला १८८७ चा प्रतिबंधक कायदा लागू आहे. सांगली-साताऱ्याहून सर्वांत जवळचे कॅसिनो गोव्यात, पणजीला मांडवी नदीतल्या जहाजांवर. डोक्यात मोजणे ही फसवणूक नव्हे, तरी कॅसिनो मोजणाऱ्याला उठवू शकतो. अमेरिकेत न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये मात्र तशी बंदी घालता येणार नाही असा निकाल दिला. संगणकाने दर हाताला नव्याने पाने काढणाऱ्या ऑनलाइन खेळात मोजणी चालतच नाही, आणि पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर केंद्राने २०२५ च्या कायद्याने बंदी घातली आहे.