दुसरा फोटोग्राफर: कधी घ्यावा, कधी घेऊ नये

अंदाजपत्रकात ‘दुसरा फोटोग्राफर’ अशी वेगळी ओळ दिसली की बहुतेक घरांतून एकच प्रश्न येतो: मग फोटो दुप्पट मिळणार का? नाही मिळणार. पूर्ण दिवसाच्या लग्नात आमचा मुख्य फोटोग्राफर साधारण १,५०० ते २,००० फोटो काढतो, दुसरा हजारभर. निवड झाल्यावर तुमच्या हाती ७०० ते ९०० येतात; एकट्याने काम केलं असतं तरी ५००-६०० आले असतेच. दुसऱ्या माणसाचे पैसे संख्येसाठी नसतात. एकाच वेळी दोन ठिकाणी कॅमेरा असावा, यासाठी असतात.

दोन ठिकाणं कुठली?

नवरी आतल्या खोलीत गौरीहर पुजत बसलेली असते, तेव्हा नवरदेव जानवशातून निघून मांडवात येत असतो. खोली आणि बोहलं यांच्यात एक जिना आणि दीडशे माणसं असली, की एकट्या फोटोग्राफरला दोन्हींपैकी एक सोडावंच लागतं. बहुधा गौरीहर सुटतो, कारण बोहल्यावर गर्दी जास्त आणि हाका मारणारेही जास्त.

मग अंतरपाट. दोन्ही चेहरे समोरून पाहिजेत आणि मध्ये कापड आहे. पडद्याच्या टोकाशी उभं राहिलं तर दोघं दिसतात, पण बाजूने. एकाचा चेहरा नीट घ्यायचा तर दुसऱ्याच्या मागे जावं लागतं. शेवटची मंगलाष्टका संपून अंतरपाट दूर होतो आणि हार पडतात. हे सगळं १०-१५ सेकंदांत उरकतं, तेवढ्यात बोहल्याला वळसा घालून पलीकडे पोचता येत नाही. म्हणून आम्ही एक माणूस नवरीसाठी ठेवतो, एक नवरदेवासाठी. दोघं समोरासमोर मात्र उभे राहत नाहीत. तसं केलं तर प्रत्येक फोटोत मागे दुसऱ्याचा कॅमेरा येतो. मुख्य फोटोग्राफर बोहल्याच्या एका कोपऱ्यावर २४-७० मिमीची, जवळून रुंद दृश्य टिपणारी लेन्स घेऊन असतो, दुसरा खाली, पाहुण्यांच्या कडेला, ७०-२०० ची, लांबचं जवळ आणणारी लेन्स घेऊन. पाहुण्यांना पाठी कमी दिसाव्यात, हाही त्यामागचा हेतू. लग्नाहून परतल्यावर ‘फोटोग्राफरच दिसले, नवरी नाही’ ही तक्रार खरीच असते.

अक्षता हवेत दिसाव्यात तर शटर (कॅमेऱ्यात उजेड शिरण्याचा वेळ) १/५०० सेकंदाच्या आसपास लागतं. हळू शटरमध्ये त्यांच्या रेघा होतात. हा फोटो लांबूनच चांगला येतो, म्हणून तो दुसऱ्याकडे. रुखवताचे फोटोही त्याचेच, आणि पाहुणे जेवणाकडे वळण्याआधी, टेबलाभोवती गर्दी नसताना. कानपिळीत नवरदेवाच्या चेहऱ्याइतकेच कान पिळणारा मेहुणा आणि मागचे हसणारे चेहरे महत्त्वाचे. दोन कॅमेरे असले की दोन्ही मिळतात.

दुसरा फोटोग्राफर म्हणजे कोण नव्हे

तो लाइट धरणारा मदतनीस नव्हे, व्हिडिओवाला नव्हे, आणि ‘कँडिड’ म्हणून वेगळ्या दराने नेमलेला माणूसही नव्हे. तो मुख्य फोटोग्राफरच्या हाताखाली, ठरलेल्या जागी, ठरलेली कामं करतो. कौटुंबिक गटफोटोच्या वेळी तर तो फोटो काढतच नाही. दोन कॅमेरे रोखले की अर्धे लोक इकडे बघतात, अर्धे तिकडे, आणि तीसजणांच्या फोटोत एकही नजर जुळत नाही. त्या वेळी दुसरा पुढच्या गटाला गोळा करून रांगेत उभं करतो. यामुळे स्टेजवरचा बराच वेळ वाचतो. (मामा मोबाइल घेऊन शेजारी उभे राहिले तरी हाच घोटाळा होतो, त्यांना प्रेमाने थोपवा.)

दोन कॅमेऱ्यांमुळे काय बिघडू शकतं

घड्याळ. एका कॅमेऱ्याची वेळ चार मिनिटं पुढे असेल, तर अल्बम लावताना हार आधी पडतात आणि मंगलाष्टका नंतर सुरू होतात. त्यासाठी सकाळी दोन्ही कॅमेऱ्यांनी एकाच मोबाइलवरच्या सेकंद दाखवणाऱ्या घड्याळाचा फोटो घेतला जातो. दोन वेळांतला फरक कळला की संगणकावर तो एकदम दुरुस्त होतो.

रंग. उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात: हॉलचे पिवळे दिवे साधारण ३,००० केल्विनचे, फ्लॅश ५,५०० चा. एक कॅमेरा ऑटो व्हाइट बॅलन्सवर (म्हणजे रंग स्वतःच जुळवत) आणि दुसरा ठरवून दिलेल्या आकड्यावर असेल, तर एकच शालू एका पानावर अंजिरी, दुसऱ्यावर विटकरी दिसतो. म्हणून दोघं एकाच आकड्यावर काम करतात आणि सगळे फोटो रॉ स्वरूपात घेतात, म्हणजे रंग नंतरही दुरुस्त करता येतो.

फ्लॅश. दोघांचे रेडिओ ट्रिगर (फ्लॅश दुरून उडवणारी यंत्रं) एकाच चॅनलवर राहिले, तर दुसऱ्याने बटण दाबलं की मुख्याचाही फ्लॅश उडतो, आणि ऐन सप्तपदीला तो चार्ज होत बसतो. चॅनल वेगळे ठेवणं एवढाच उपाय, पण सकाळीच करायचा. लाजाहोमाच्या धुरात समोरून फ्लॅश मारला तर फोटो पांढुरका होतो. तिथे बाजूचा उजेड वापरतो.

एलईडी. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. आवाज होऊ नये म्हणून इलेक्ट्रॉनिक शटर लावलं तर फोटोवर आडवे पट्टे उमटतात. स्टेजच्या रंगीत दिव्यांची लुकलुक आणखी वेगळी असते, म्हणून विधींपूर्वी चाचणीचे फोटो घेतो आणि अशा उजेडात मेकॅनिकल शटर वापरतो. थोडी खटखट ऐकू येईल.

फोटो कोणाचे, कार्ड कोणाकडे

दुसऱ्याची मेमरी कार्डं हॉल सोडण्याआधी आमच्याकडे जमा होतात. दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर प्रत झाल्याशिवाय एकही कार्ड फॉरमॅट होत नाही. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ नुसार, मोबदला देऊन काढवून घेतलेल्या फोटोंचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, फोटो काढवून घेणारा असतो. त्यामुळे दुसऱ्या फोटोग्राफरने तुमचे फोटो स्वतःच्या इन्स्टाग्रामवर टाकायचे असतील, तर तुमची लेखी संमती लागते. ती देणं तुमच्यावर बंधनकारक नाही. करारात हा रकाना वेगळा आहे. न वाचता सही करू नका.

घेऊ नका, असं आम्ही सांगतो तेव्हा

नोंदणी विवाह, तीन साक्षीदार आणि घरची वीस-पंचवीस माणसं: एक फोटोग्राफर पुरे. घरच्या अंगणातली ६०-७० जणांची हळद आणि एकच जागा असेल तरी तसंच. तिथे दुसरा केवळ अडथळा. याउलट दोन्ही पक्ष वेगळ्या ठिकाणी तयार होत असतील, हॉल दोन मजल्यांचा असेल किंवा गोरज मुहूर्त असेल, तर दुसरा घ्या. डिसेंबरात पुण्यात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि लॉनवरचा उजेड पंधरा-वीस मिनिटांत जातो; एकाने संध्याप्रकाशात काम करायचं आणि दुसऱ्याने तोवर फ्लॅश लावून तयार राहायचं, हे एकट्याला जमत नाही.

तुमच्याकडून हवं ते

लग्नाच्या पंधरा दिवस आधी मुहूर्ताची वेळ, जानवशाचा पत्ता आणि गटफोटोंची यादी. प्रत्येक पक्षाकडून माणसं ओळखणारी एक व्यक्ती. आजारी आजी-आजोबांची नावं यादीत सर्वांत वर लिहा, त्यांचा फोटो आधी घेऊन त्यांना बसवता येतं. गुरुजींना होमकुंड कुठे असेल ते विचारून ठेवा. आणि दोघांच्या जेवणाची सोय पहिल्या पंगतीला करा. उशिरा वाढलं तर ते ऐन झालीच्या वेळी पानावर बसलेले असतात.