व्हेरियंट ओळखायला शिकायचंय? गिसएडच्या खात्यासाठी अर्ज असा करा

जून २०२१ मध्ये राज्य सरकारने कोरोनाच्या डेल्टा प्लस या व्हेरियंटचे (विषाणूच्या बदललेल्या रूपाचे) २१ रुग्ण जाहीर केले, त्यातले ९ एकट्या रत्नागिरी जिल्ह्यातले होते. संगमेश्वर तालुका तेव्हा एकदम बातम्यांत आला. त्या विषाणूत नेमकं काय बदललं होतं, हे आज चिपळूण किंवा दापोलीतला बीएस्सीचा विद्यार्थी स्वतः तपासू शकतो. विषाणूला हात लावायचा नाही (कॉलेजच्या लॅबमध्ये तो आणायचाही नाही). लागतो फक्त त्याचा जनुकीय क्रम, म्हणजे त्याच्या जनुकांतल्या अक्षरांची ओळ, आणि त्यासाठी गिसएड या अशा क्रमांच्या आंतरराष्ट्रीय संग्रहावर खातं काढावं लागतं.

फी नाही, मार्कांची अटही नाही. तुम्ही खरोखर कोण आणि कुठल्या संस्थेचे, एवढं मात्र त्यांना पटलं पाहिजे. फॉर्म इंग्रजीत आहे. नाव कॉलेजच्या ओळखपत्रावर आहे तसंच लिहा. संस्थेचं नाव पूर्ण, पत्ता पिनकोडसह; गावात चालणारी आद्याक्षरं तिकडे कोणाला कळणार? हुद्द्याच्या जागी सरळ ‘विद्यार्थी’ असंच इंग्रजीत लिहा.

घोडं अडतं ते ईमेलपाशी. संस्थेच्या नावाचा ईमेल असेल तर ओळख पटणं सोपं, जीमेलवरून केलेला अर्ज रखडू शकतो. आपल्याकडच्या बऱ्याच कॉलेजांत विद्यार्थ्यांना असा ईमेल मिळतच नाही. म्हणून आधी कॉलेजच्या ऑफिसात विभागप्रमुखांच्या सहीचा अर्ज द्या, ईमेल मिळवा, मगच फॉर्म भरा. ते लांबणार असेल तर विभागातल्या एखाद्या सरांनी किंवा मॅडमनी स्वतःचं खातं आधी काढावं.

फॉर्मसोबत वापराचा करार येतो. तो न वाचता ‘मान्य’ दाबू नका. खातं ज्याचं त्यानेच वापरायचं, वर्गाला मिळून एक पासवर्ड चालत नाही. उतरवलेले क्रम खातं नसलेल्यांना द्यायचे नाहीत, म्हणजे वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फाइल टाकणं हाही करारभंगच. आणि प्रकल्पात ते क्रम वापरले तर नमुना गोळा करणाऱ्या व क्रम जमा करणाऱ्या प्रयोगशाळांचा उल्लेख करायचाच. ही शेवटची अट मला सर्वांत रास्त वाटते. कोणीतरी पीपीई किट घालून घाम गाळला तेव्हा तो क्रम तुमच्या स्क्रीनवर आला.

मंजुरीची वाट बघत बसू नका. अमेरिकेच्या जेनबँक या खुल्या संग्रहातले क्रम खात्याशिवाय मिळतात, आणि त्यांची फाइल वर्गात वाटायलाही हरकत नाही. वुहानचा मूळ संदर्भक्रम तिथेच आहे: २९,९०३ अक्षरांचा. अशा एका क्रमाची फाइल साधारण ३० केबी भरते, त्यामुळे मोबाइलला जेमतेम रेंज असली तरी ती उतरते. मग नेक्स्टक्लेड हे क्रमातले बदल दाखवणारं संकेतस्थळ उघडा. ते ब्राउझरमध्येच चालतं आणि तुमची फाइल तुमच्याच कॉम्प्युटरवर राहते. पान पहिल्यांदा उघडायला वेळ घेईल, तेवढं काम कॉलेजच्या वायफायवर उरका.

डेल्टा प्लसचा क्रम तपासताना विषाणूच्या पृष्ठभागावरच्या स्पाइक प्रथिनातली ४१७ वी जागा शोधा. मूळ क्रमात तिथे ‘एएजी’ ही तीन अक्षरं आहेत, म्हणजे लायसिन हे अमिनो आम्ल (प्रथिनाचा एक घटक). डेल्टा प्लसमध्ये शेवटच्या ‘जी’चा ‘टी’ झाला, ‘एएटी’ आलं आणि लायसिनच्या जागी ॲस्पॅराजिन बसलं. एवढ्यावरून ‘डेल्टा प्लस सापडला’ म्हणू नका, कारण हाच बदल बीटा आणि ओमिक्रॉन या दुसऱ्या व्हेरियंटमध्येही दिसतो. लगेच ६८१ वी जागा बघा: डेल्टाच्या घराण्यात तिथे प्रोलिनऐवजी आर्जिनिन असतं, ओमिक्रॉनमध्ये हिस्टिडिन.

गिसएडवर ठिकाणानुसार शोधताना महाराष्ट्रापर्यंत सहज जाता येतं. पुढे जिल्हा दिसेल की नाही, हे क्रम जमा करणाऱ्याने तो लिहिला होता का यावर आहे. जर्नलमध्ये प्रत्येक क्रमाचा नोंदणी क्रमांक, नमुना घेतल्याची तारीख आणि नेक्स्टक्लेडची आवृत्ती लिहून ठेवा. वंशावळीची नावं मागाहून बदलतात, शिवाय एकाच वंशाला दोन नावंही असतात: डेल्टा प्लसचं बी.१.६१७.२.१ हे लांब नावच थोडक्यात एवाय.१ असं लिहितात.