जपानमधून मेजर लीगमध्ये : ‘पोस्टिंग’साठी पात्रता, मुदत, शुल्क आणि कागदपत्रं

वर्ल्ड सिरीज (मेजर लीगची अंतिम मालिका) संपली की अमेरिकेत बेसबॉलचा दुसरा हंगाम सुरू होतो, खरेदी-विक्रीचा. करार संपून मोकळे झालेले खेळाडू कोणाला हवेत, कोणाच्या बदल्यात कोणाला द्यायचं, यावर प्रत्येक संघाचं ऑफिस हिवाळाभर डोकं चालवत असतं. या बाजारात जपानच्या व्यावसायिक लीगमधल्या (निप्पॉन प्रोफेशनल बेसबॉल) खेळाडूंसाठी एक वेगळी वाट आहे. तिला पोस्टिंग म्हणतात: जपानी क्लब आपल्या करारातला खेळाडू मेजर लीगच्या, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च बेसबॉल लीगच्या, संघांना बोलणीसाठी खुला करतो. यामामोटो, सासाकी, इमानागा ही नावं दर हिवाळ्यात बातम्यांत येतात ती याच वाटेमुळे.

एक गोष्ट आधीच लक्षात घ्या, कारण बहुतेकांचा गोंधळ इथेच होतो. पोस्टिंगचा अर्ज खेळाडू करत नाही. तो करतो त्याचा जपानी क्लब.

पात्र कोण?

कागदोपत्री पाहिलं तर जपानी क्लबशी करारबद्ध असलेला कोणताही खेळाडू. किती वर्षं खेळला, वय किती, अशी किमान अट पोस्टिंगला नाही. खेळाडू मालकांकडे विनंती करू शकतो आणि बरेच जण दरवर्षी पगाराच्या बोलणीत ती करतातही. पण क्लब ‘नाही’ म्हणाला की विषय संपला. फुकुओकाच्या सॉफ्टबँक हॉक्सनी पोस्टिंग न करण्याचं धोरण वर्षानुवर्षं धरून ठेवलं. त्यामुळे त्यांचा गोलंदाज कोदाई सेंगा याला थांबावं लागलं आणि २०२२ च्या हिवाळ्यात तो न्यूयॉर्क मेट्सकडे गेला (५ वर्षं, साडेसात कोटी डॉलर) तो परदेशी जाण्याचा हक्क मिळालेला ‘फ्री एजंट’ (करारातून मोकळा खेळाडू) म्हणून. हा हक्क मिळायला पहिल्या संघातल्या नोंदणीची नऊ वर्षं भरावी लागतात आणि एका वर्षासाठी १४५ दिवस धरले जातात. तो मिळाला की क्लबची परवानगी नको आणि शुल्कही नको. पण तोवर खेळाडू साधारण तिशीला टेकलेला असतो, आणि गोलंदाजाच्या खांद्याचं आयुष्य पाहता हा सौदा महागच पडतो.

अर्ज आणि मुदत

क्लब तयार झाला की तो जपानी लीगच्या आयुक्तांना कळवतो. तिथून नाव मेजर लीगच्या आयुक्त कार्यालयाकडे जातं आणि ते कार्यालय तीसही संघांना सूचना देतं. ही नोंद १ नोव्हेंबरपासून डिसेंबरच्या मध्यापर्यंतच करता येते. त्यानंतर बोलणी करायला ४५ दिवस मिळतात. एकही दिवस वाढवून मिळत नाही. म्हणून खेळाडूंचे एजंट बातम्या पेरतात आणि संघ मौन पाळतात. खरे आकडे शेवटच्या आठवड्यात बाहेर येतात.

पूर्वी हे असं नव्हतं. १९९८ मध्ये पद्धत सुरू झाली तेव्हा बंद पाकिटात बोली लागायची आणि सर्वांत मोठी बोली लावणाऱ्या एकाच संघाला खेळाडूशी बोलता यायचं. इचिरो सुझुकीसाठी २००० मध्ये सिअ‍ॅटल मरिनर्सनी १ कोटी ३१ लाख २५ हजार डॉलर मोजले. २००६ मध्ये दाइसुके मात्सुझाकासाठी बोस्टन रेड सॉक्सची बोली ५ कोटी ११ लाखांवर गेली, आणि हे सगळे पैसे गेले जपानी क्लबला. खेळाडूला निवड करायला वावच नव्हता. २०१३ च्या अखेरीस शुल्काला २ कोटींची कमाल मर्यादा आली आणि ती रक्कम मोजायला तयार असलेल्या कोणत्याही संघाशी बोलायची मोकळीक मिळाली. आजची टक्केवारी त्यानंतर आली.

शुल्क किती, देणार कोण?

शुल्क अमेरिकी संघ भरतो आणि ते खेळाडूच्या कराराच्या वर असतं. त्याची आकारणी आयकराच्या स्लॅबसारखी आहे: करारातल्या हमी रकमेच्या पहिल्या अडीच कोटी डॉलरवर २० टक्के, पुढच्या अडीच कोटींवर १७.५ टक्के आणि पाच कोटींच्या वर १५ टक्के. योशिनोबु यामामोटोचा हिशेब करून पाहा. डिसेंबर २०२३ मध्ये लॉस एंजेलिस डॉजर्सनी त्याच्याशी १२ वर्षांचा ३२ कोटी ५० लाखांचा करार केला. पहिल्या टप्प्याचे ५० लाख, दुसऱ्याचे ४३ लाख ७५ हजार आणि उरलेल्या साडेसत्तावीस कोटींवर ४ कोटी १२ लाख ५० हजार. एकूण ५ कोटी ६ लाख २५ हजार डॉलर त्याच्या जपानी क्लबच्या, ओरिक्स बफेलोजच्या, खात्यात गेले. करारात पुढे बोनस किंवा वाढीव वर्षाचा पर्याय असेल, तर त्यावरही नंतर शुल्क लागतं.

संघांना हे परवडतं कसं? एक तर हे शुल्क पगाराच्या ज्या एकूण रकमेवर लक्झरी टॅक्स (मर्यादेबाहेरच्या पगारखर्चावरचा दंड) लागतो तिच्यात धरलं जात नाही. दुसरं, अमेरिकेतल्या बड्या फ्री एजंटने जुन्या संघाची ‘क्वालिफाइंग ऑफर’ (एका वर्षाच्या कराराचा प्रस्ताव) नाकारली असेल, तर त्याला घेणाऱ्या संघाला ड्राफ्टमधली, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीतली, एक निवड गमवावी लागते. पोस्टिंगवाल्या खेळाडूबाबत तसं होत नाही. श्रीमंत संघांना ही वाट आवडते यात नवल नाही.

पंचविशीची अट

सगळ्यात जास्त पैसा या एका अटीवर हलतो. खेळाडू २५ वर्षांचा झालेला नसेल किंवा त्याचे सहा व्यावसायिक हंगाम झाले नसतील, तर पोस्टिंग होतं, पण मेजर लीग त्याला परदेशी हौशी खेळाडू मानते. मग त्याला फक्त मायनर लीगचा (खालच्या स्तरावरच्या लीगचा) करार मिळतो आणि बोनस संघाच्या ठरीव कोट्यातूनच द्यावा लागतो. जपानी क्लबला त्या बोनसच्या जेमतेम २५ टक्के मिळतात.

शोहेई ओहतानी २०१७ मध्ये २३ वर्षांचा असताना गेला आणि एंजल्सकडून त्याला २३ लाख १५ हजारांचा बोनस मिळाला. त्याच्या क्लबला मात्र जुन्या नियमाची शेवटची सवलत म्हणून पूर्ण २ कोटी मिळाले. रोकी सासाकीचा क्लब चिबा लोट्टे याच्या वाट्याला ते भाग्य आलं नाही. सासाकी डिसेंबर २०२४ मध्ये २३ व्या वर्षी पोस्ट झाला, ६५ लाखांच्या बोनसवर डॉजर्सकडे गेला आणि क्लबला मिळाले १६ लाख २५ हजार. दोन वर्षं थांबवून ठेवला असता तर त्याच्या कितीतरी पट मिळाले असते. तरीही लोट्टेने हो म्हटलं, हे मला या सगळ्या व्यवहारातलं सर्वांत अनाकलनीय वाटतं.

सासाकीची तारीख मात्र हुशारीने ठरली होती. परदेशी बोनसचा नवा कोटा १५ जानेवारीला उघडतो आणि सासाकीचे बोलणीचे ४५ दिवस २३ जानेवारीला संपत होते. डॉजर्सचा मूळ कोटा सर्वांत लहान गटातला, ५१ लाख ४६ हजारांचा. पण हा कोटा ट्रेडमध्ये (दुसऱ्या संघाशी अदलाबदल करून) वाढवता येतो, मूळ रकमेच्या ६० टक्क्यांपर्यंत. डॉजर्सनी तसा जादा कोटा मिळवला. टोरोंटो ब्लू जेजनी तर २० लाखांच्या कोट्यासाठी क्लीव्हलँडकडून आउटफिल्डर (मैदानाच्या लांबच्या भागातला क्षेत्ररक्षक) माइल्स स्ट्रॉ याला त्याच्या जड पगारासकट घेतलं. त्याच दिवशी सासाकीने डॉजर्सचं नाव जाहीर केलं!

कागदपत्रं

बोलणीआधी : खेळाडूची सद्यस्थिती आणि उपलब्धता यांची अधिकृत विचारणा. ती मेजर लीगच्या आयुक्तांकडून जपानी आयुक्तांकडे जाते. संघाने परस्पर फोन केलेला चालत नाही.

करारावेळी : संघाच्या डॉक्टरांनी केलेली शारीरिक तपासणी. हिला नुसता सोपस्कार समजू नका. २०१५ मध्ये हिसाशी इवाकुमाचं (तेव्हा तो फ्री एजंट होता) डॉजर्सशी तीन वर्षांचं ठरलं होतं, ते तपासणीनंतर फिसकटलं आणि तो मरिनर्सकडे परतला.

करारानंतर : खेळाडूंसाठीचा पी-१ व्हिसा. त्यासाठीचा आय-१२९ अर्ज अमेरिकी इमिग्रेशन खात्याकडे संघ भरतो.

जमलं नाही तर

४५ दिवसांत करार झाला नाही, तर शुल्क लागत नाही आणि खेळाडू जुन्या क्लबकडे परततो. पुन्हा पोस्ट व्हायला पुढचा नोव्हेंबर उजाडावा लागतो, तोही क्लबची मर्जी असेल तर. योमिउरी जायंट्सचा तोमोयुकी सुगानो जानेवारी २०२१ मध्ये असाच करार न करता परतला. अखेर डिसेंबर २०२४ मध्ये, वयाच्या ३५ व्या वर्षी, त्याने बाल्टिमोर ओरिओल्सशी एका वर्षाचा १ कोटी ३० लाखांचा करार केला. तोवर तो फ्री एजंट झाला होता, त्यामुळे जायंट्सना शुल्कापोटी काहीच मिळालं नाही.