कळण्याची मोहीम आणि वळण्याचा उपक्रम

‘कळतं पण वळत नाही’ असं आपण सगळ्यात जास्त वेळा कशाबद्दल म्हणत असू, तर खाण्यापिण्याबद्दल आणि व्यायामाबद्दल. त्यात सुधारणा व्हावी म्हणून जे सार्वजनिक कार्यक्रम होतात, त्यांतही कळण्याचे वेगळे आणि वळण्याचे वेगळे असतात. पहिल्याला जनजागृती मोहीम म्हणतात, दुसऱ्याला सामुदायिक उपक्रम. दोन्हीकडे तेच फलक, तेच स्वयंसेवक, समारोपाचा तसाच फोटो. अहवालातही दोघांची नोंद ‘आरोग्य कार्यक्रम’ अशी एकाच नावाने होते, म्हणून गल्लत होते.

ही गल्लत महागात पडते. पैसा मोहिमेवर खर्च होतो आणि अपेक्षा उपक्रमाच्या निकालाची असते. वर्षभराने काही बदललेलं दिसलं नाही की कुणीतरी म्हणतं, ‘एवढं सांगूनही लोकांना नकोच असेल तर काय करणार?’ हे वाक्य मला फार लागतं. लोकांना नको होतं असं क्वचितच असतं. त्यांना फक्त सांगितलं गेलेलं असतं.

मोहिमेचं काम निरोप पोचवणं. प्रौढांनी आठवड्याला किमान 150 ते 300 मिनिटं मध्यम दमछाक होईल अशी हालचाल करावी, मुलांनी रोज सरासरी 60 मिनिटं, दिवसाला किमान 400 ग्रॅम फळं-भाज्या, मीठ 5 ग्रॅमच्या आत, या जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशी. त्या एका फलकावर सहज मावतात. मोहिमेला सुरुवात आणि शेवट असतो: सप्ताह, पंधरवडा, एक फेरी, चार व्याख्यानं. उपक्रम मात्र लोकांच्या दिनक्रमात शिरतो. शाळेत मुलांच्या ताटात काय पडतं, कामाच्या ठिकाणी मधल्या सुट्टीत काय मिळतं, घरापासून बागेपर्यंत पायी जाता येतं का, संध्याकाळी सोबतीला कोण असतं, यात तो हात घालतो.

याचा अर्थ मोहीम दुय्यम आहे असा नाही. 1995 साली अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यात क्लार्क्सबर्ग आणि ब्रिजपोर्ट या शेजारशेजारच्या दोन गावांत एक मोहीम झाली. निरोप एकच: जास्त स्निग्धांशाचं दूध सोडा, 1 टक्का किंवा त्याहून कमी स्निग्धांशाचं घ्या. सात आठवडे जाहिराती आणि बातम्यांतून हेच सांगितलं गेलं. दूधविक्रीत कमी स्निग्धांशाच्या दुधाचा वाटा 18 टक्क्यांवरून 41 टक्क्यांवर गेला आणि सहा महिन्यांनंतरही तो 35 टक्के होता. केवळ सांगण्याने एवढा फरक पडला, कारण हवं ते दूध त्याच दुकानात, त्याच फळीवर होतं. हात फक्त वीतभर बाजूला न्यायचा होता. पर्याय हाताशी असेल आणि निर्णय एका क्षणाचा असेल, तिथे मोहीम उत्तम चालते.

आता ‘रोज अर्धा तास चाला’ हा निरोप घ्या. त्यासाठी वेळ लागतो, धड रस्ता लागतो, अंधार पडल्यावर दिवे लागतात, घरी लहान मूल असेल तर तेवढा वेळ त्याच्याकडे बघणारं कुणी लागतं. माहिती ही या यादीतली एकच गोष्ट, आणि बहुतेकांकडे ती आधीच असते.

उत्तर फ्रान्समधल्या फ्लरबे आणि लाव्हँती या दोन छोट्या गावांत हा फरक एकाच ठिकाणी बघायला मिळाला. 1992 मध्ये तिथे सुरुवात झाली ती शाळेत मुलांना आहाराचे धडे देण्यापासून. मुलांना माहिती झाली, पण पहिली काही वर्षं वजन जास्त असलेल्या मुलांचं प्रमाण वाढतच राहिलं. पुढे काम शाळेबाहेर पडलं. खेळाच्या सोयी, कुटुंबांसाठीचे कार्यक्रम, स्थानिक डॉक्टर, दुकानदार, संस्था असं सगळं गाव हळूहळू त्यात ओढलं गेलं. 2000 नंतर आकडा उतरू लागला. 2004 मध्ये या गावांत जादा वजनाच्या मुलांचं प्रमाण 8.8 टक्के होतं, तर तुलनेसाठी घेतलेल्या शेजारच्या गावांत 17.8 टक्के. आठ-दहा वर्षं धीर धरला म्हणून हे दिसलं. तिसऱ्या वर्षी हिशेब मिटवला असता, तर हाही प्रयोग ‘फसला’ म्हणून नोंदला गेला असता.

उपक्रमाचं सगळ्यात भरीव उदाहरण मात्र फिनलंडचं. रशियाच्या सीमेलगतच्या नॉर्थ करेलिया प्रांतात 1960च्या दशकात ऐन उमेदीतले पुरुष हृदयविकाराने जात होते. त्या काळात हे मृत्यू जगात सर्वाधिक जिथे होत, त्या प्रदेशांपैकी हा एक. 1971 साली तिथल्या लोकप्रतिनिधींनीच सरकारकडे मदतीचं निवेदन दिलं. 1972 मध्ये काम सुरू झालं आणि सूत्रं दिली गेली पेक्का पुस्का या अजून तिशीही न गाठलेल्या डॉक्टरकडे.

तिथल्या जेवणात लोणी, सायीचं दूध आणि मीठ भरपूर, भाज्या नावापुरत्या. पत्रकं वाटली गेली, भाषणंही झाली. पण काम खरं रुजलं ते ‘मार्था’ या गृहिणींच्या जुन्या संघटनेमुळे. गावोगावी त्या ‘दीर्घायुष्याच्या मेजवान्या’ भरवत. सुरुवातीला थोडं बोलणं, मग सगळ्यांनी मिळून रांधायचं. पदार्थ घरात नेहमी होणारेच, फक्त चरबी आणि मीठ कमी, भाज्या जास्त. आणि मग एकत्र बसून जेवायचं. आपलाच पदार्थ बदललेल्या रूपात चविष्ट लागतो हे जिभेला पटल्यावर समजावून सांगायला काही उरत नाही.

तेवढ्यावरही भागलं नसतं. बाजारात मिळतं तेच घरात शिजतं. म्हणून सॉसेज बनवणाऱ्या एका स्थानिक उत्पादकाशी बोलणं झालं आणि चरबीचा काही भाग काढून तिथे अळंबी आली. दुधाचा प्रश्न याहून अवघड होता. प्रांतातली कितीतरी घरं दुधाच्या धंद्यावर उभी होती, आणि लोण्याविरुद्ध बोलणं म्हणजे शेजाऱ्याच्या पोटावर पाय देणं. पुढे 1980च्या दशकात, दुधावर जगणाऱ्यांना दुसरी वाट मिळावी म्हणून, बेरीच्या लागवडीला आणि विक्रीला पाठबळ देणारा प्रकल्प सुरू झाला. त्या थंड हवेत बेरी चांगली येते. खाणाऱ्याचा विचार करताना पिकवणाऱ्याचाही केला, ही मला या साऱ्या कामातली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट वाटते. कुठल्याही मोहिमेच्या आराखड्यात असा रकाना नसतो.

पुढच्या चार दशकांत कामाच्या वयातल्या पुरुषांचे हृदयविकाराचे मृत्यू तिथे 80 टक्क्यांहून अधिक घटले. सगळं श्रेय एकट्या उपक्रमाला देता येणार नाही. उपचार सुधारले, उरलेल्या फिनलंडमध्येही मृत्यू झपाट्याने कमी झाले. अर्थात 1977 नंतर हेच अनुभव देशभर वापरले गेले, त्यामुळे कोणाचा वाटा किती हे वेगळं काढणं कठीणच.

एका दिवसाचा मोठा सोहळाही उपक्रम समजला जातो. हजारो लोक धावतात, पदकं घेतात, घरी जातात, ती मोहीमच. 2 ऑक्टोबर 2004 रोजी लंडनच्या बुशी पार्कमध्ये अवघे 13 जण पाच किलोमीटर धावले. त्याचंच पुढे ‘पार्करन’ झालं आणि ते बऱ्याच देशांत पोचलं. ते वाढलं कारण दर शनिवारी, विनाशुल्क, स्वयंसेवकांच्या जोरावर तेच पुन्हा होत राहिलं. कोलंबियाची राजधानी बोगोटाही अशीच. 1974 पासून चालत आलेल्या ‘सिक्लोव्हिया’त रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी सकाळी सातपासून दुपारी दोनपर्यंत शंभराहून जास्त किलोमीटरचे रस्ते गाड्यांना बंद करून चालणाऱ्यांना, सायकलवाल्यांना मोकळे केले जातात. ‘सायकल चालवा’ असं तिथे वेगळं सांगावं लागत नाही. मोकळा रस्ताच ते सांगतो.

एक छोटीशी गोष्ट. मी ज्या चालण्याच्या गटाबरोबर काम केलं, त्यातल्या पन्नाशीच्या एक बाई दोन महिने नेमाने येत होत्या, मग एकाएकी थांबल्या. आम्ही त्यांना निरोप पाठवले, चालण्याचे फायदे पुन्हा लिहून पाठवले. शेवटी गटातली एक जण घरी जाऊन आली तेव्हा कळलं, वळणावरचा दिवा बंद पडला होता आणि परतताना त्यांना तिथे भीती वाटायची. फायदे त्यांना आमच्याइतकेच ठाऊक होते. दिवा दुरुस्त व्हायला बरेच दिवस लागले. तोवर गटाने रस्ता बदलला, त्यांच्या दारावरून जाऊ लागला, आणि त्या परत आल्या.

आणखी एक गैरसमज म्हणजे वस्तीत जाऊन केलं की ते सामुदायिक झालं. मांडव वस्तीत, पण विषय, वेळ, वक्ता सगळं बाहेरून ठरलेलं असेल तर वस्ती तिथे फक्त श्रोता असते. 1986च्या ओटावा सनदेत, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅनडातल्या परिषदेत मंजूर झालेल्या जाहीरनाम्यात, आरोग्यवर्धनाची पाच कामं सांगितली आहेत. त्यांत व्यक्तीची कौशल्यं वाढवणं हे एक काम आहे आणि समुदायाची कृती बळकट करणं हे वेगळं. भेद इतका जुना आहे, तरी नियोजनाच्या बैठकीत तो विसरला जातो.

तुमच्याकडे असा एखादा कार्यक्रम आखला जात असेल, तर मोजणी कशाची होणार हे पहिल्याच बैठकीत विचारा. पत्रकं किती वाटली, किती जण हजर होते, निरोप किती जणांच्या लक्षात राहिला, हे मोहिमेचे आकडे. मोहिमेसाठी ते योग्यच. उपक्रमाची वही निराळी असते: बाराव्या आठवड्याला कोण आलं, कोण यायचं थांबलं आणि का. नॉर्थ करेलियात दर पाच वर्षांनी लोकांचा रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि सवयी तपासून बघत. वहीतल्या ‘का’च्या रकान्यासाठी मात्र कुणाला तरी घरोघरी जावं लागतं, आणि त्या माणसाच्या वेळेची तरतूद खर्चाच्या कागदावर आधीच करून ठेवायला हवी.