कप टेबलावर आहे, पण 'वर' कुठे आहे?

"सगळं शेवटी एकच आहे" असं अद्वैतवाद्यांसारखं म्हणणं सोपं आहे हो, पण मग वस्तूंमधल्या संबंधांचं काय करायचं? कप टेबलावर आहे म्हटलं तर हे 'वर असणं' कपात आहे, टेबलात आहे, की दोघांच्या मधे तिसरंच काहीतरी?

वैशेषिक या प्राचीन भारतीय दर्शनाच्या मते कप आणि टेबलाचा संयोग, म्हणजे एकमेकांना टेकणं, हा एक गुण, आणि गुणाला द्रव्याशी धरून ठेवतो तो समवाय, तोही वेगळा पदार्थच, म्हणजे असण्याचा स्वतंत्र प्रकार. शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्यात नेमकं इथेच बोट ठेवलं, की समवाय दोघांना जोडतो तर समवायाला त्यांच्याशी कोण जोडतं? दुसरा समवाय आणला की त्याला तिसरा लागतो, म्हणजे अनवस्था, कधीच न संपणारी साखळी. बरं, समवाय आपला आपण चिकटतो म्हणाल तर मग संयोगानेच काय घोडं मारलंय, त्याला तरी समवाय कशाला हवा?

गंमत म्हणजे ऑक्सफर्डच्या ब्रॅडली या तत्त्वज्ञाने 1893 मध्ये जवळजवळ हाच पेच टाकला. त्याचं उदाहरण साखरेच्या खड्याचं, पांढरा, कडक, गोड, पण या गुणांना एकत्र ठेवणारा संबंध वेगळा मानला की तोही जोडावा लागतो आणि गाडी कुठेच थांबत नाही. म्हणून संबंध हा नुसता आभास, खरं ते एकच, अखंड.

तत्त्वज्ञ बर्ट्रंड रसेल आधी याच गोटातला, 1898 च्या आसपास त्याचा तत्त्वज्ञ मित्र मूर याच्या मागोमाग फुटला, आणि माझ्या मते त्याचा मुद्दा या सगळ्या वादात सगळ्यात धारदार आहे. 'अ हा ब पेक्षा मोठा' घ्या. अ आणि ब मिळून एक अखंड गोष्ट धरली तर त्या जोडीत मोठा कोण हे कळतच नाही, कारण 'ब हा अ पेक्षा मोठा' म्हटलं तरी जोडी तीच राहते! असे संबंध खरे मानले नाहीत तर संख्यांचा क्रमच लागत नाही, गणितच कोसळतं.

पण रसेलने एक घोळ घातला, ब्रॅडलीला 'संबंध वस्तूच्या स्वभावातूनच येतात' म्हणणाऱ्यांत बसवलं. ब्रॅडलीला तर असे स्वभावातून आलेले आतले काय नि बाहेरून जडलेले काय, दोन्ही संबंध शेवटी खोटेच वाटायचे. तरी तो शिक्का बसला तो बसलाच, आणि पाश्चात्त्य तत्त्वज्ञानात अद्वैतवाद बरीच दशकं अडगळीत पडला. 2010 मध्ये जोनाथन शॅफर या तत्त्वज्ञाने तो परत काढला, पण सौम्य करून: कपही खरा, टेबलही खरं, फक्त दोघंही अख्ख्या विश्वाच्या आधाराने आहेत, उलट नाही.