लिनक्सवर ऑप्टिकल आउटपुट बंद? दोष बहुधा ड्रायव्हरचा नसतो

‘लिनक्सला ऑप्टिकल आउटपुटचा (प्रकाशाच्या केबलमधून डिजिटल आवाज बाहेर पाठवणाऱ्या जोडणीचा) ड्रायव्हरच नसतो’ हे वर्षानुवर्षं ऐकवलं जातं आणि त्यापायी लोक चांगली चालणारी सिस्टीम पुसून टाकतात. वाईट वाटतं. कारण ‘अल्सा’ ही साउंड कार्डांचे ड्रायव्हर असलेली ध्वनियंत्रणा कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, २००३ साली आलेल्या २.६ आवृत्तीपासून त्यातच आहे आणि मदरबोर्डवरची बहुतेक ऑप्टिकल आउटपुटं ती ओळखते.

टर्मिनलमध्ये ‘एप्ले -एल’ (aplay -l) चालवा. यादीत ‘डिजिटल’ असं उपकरण दिसलं, की ड्रायव्हरची शंका मिटली. मग टर्मिनलमध्येच अल्सामिक्सर (alsamixer) हा आवाजाचा मिक्सर उघडा, एफ६ दाबून योग्य साउंड कार्ड निवडा आणि बाणाने सरकत ‘एस/पीडीआयएफ’च्या (S/PDIF, म्हणजे याच डिजिटल आउटपुटच्या) रकान्यावर या. खाली ‘एमएम’ असेल तर तो चक्क म्यूट आहे! एम दाबा, ‘ओओ’ होईल. बऱ्याचदा घोडं इथेच अडलेलं असतं. तरीही शांतता असेल, तर पल्सऑडिओ या ध्वनी-सर्व्हरच्या व्हॉल्यूम कंट्रोलमध्ये (pavucontrol) कॉन्फिगरेशनखाली ‘डिजिटल स्टिरिओ’ प्रोफाइल निवडा. त्याच्या जागी पाइपवायर हा नवा ध्वनी-सर्व्हर असला तरी हेच.

गेममध्ये ५.१ (सहा चॅनेलच्या सराउंड आवाजा) ऐवजी दोनच चॅनेल ऐकू येतात, त्याचं खापरही लिनक्सवर फोडू नका. एस/पीडीआयएफवरून संकोचित (कॉम्प्रेस) न केलेल्या आवाजाचे दोनच चॅनेल जातात, विंडोजवरसुद्धा. ५.१ हवा असेल तर तो डॉल्बी डिजिटल किंवा डीटीएस या स्वरूपांमध्ये संकोचित करूनच पाठवावा लागतो.